देवा, भिजू नको

खिमनं सकाळपासून गिटारचा एकही ॲम्प वाजवून पाहिला नव्हता. ती नुसती उचलून पाहत होती. मंडईत बाई भोपळा जोखते तशी डाव्या हातानं उचलायची, दुकानातल्या दुकानात चार पावलं चालायची, खाली ठेवायची आणि पुढच्याकडे वळायची. दुकानाचा मालक, पन्नाशीचा, केसांची शेपटी बांधलेला गृहस्थ, गिटारची वायर हातात घेऊन तिच्या मागं मागं हिंडत होता.

“आ-यी, निदान आवाज तरी ऐका,” तो म्हणाला. आ-यी म्हणजे मावशी. खिमचं वय बघून त्यानं आल्याआल्याच नातं जोडून टाकलं होतं. “ॲम्प कानानं घ्यायचा असतो.”

“कानाचं नंतर. आधी पाठ,” खिम म्हणाली. “पाठ हो म्हणाली की मग कानाला विचारू.”

मी दाराजवळच्या स्टुलावर बसलो होतो. मला कुणी काही विचारलं नव्हतं, तरी मी प्रत्येक ॲम्पला नावं ठेवत होतो. हा फार चकचकीत. ह्याची मूठ प्लास्टिकची, महिन्याभरात हातात येईल. आणि हा तर थेट भाताच्या कुकरसारखा दिसतो, पाहुणे म्हणतील वाढा आता.

“चुई-को, तुला सोबतीला आणलंय की भांडायला?” खिम म्हणाली. ती मला नावापुढं असं दादा लावूनच हाक मारते, रागावली तरी.

“तूच म्हणालीस ना, चल म्हणून.”

“म्हणाले खरी. अक्कल गहाण पडली होती माझी.”

मालक हसला. मी हसलो नाही. कारण खरं सांगायचं तर, हलका ॲम्प मिळूच नये असं मला मनापासून वाटत होतं.

आम्ही पेइतोऊची माणसं. आमच्याकडे डोंगराच्या उतारावर गरम पाण्याची हॉटेलं आहेत. पाहुणे येतात, डुंबतात, जेवतात, पितात आणि मग त्यांना गावंसं वाटतं. त्यांच्या गाण्याला साथ करायला या हॉटेलातून त्या हॉटेलात हिंडणारे वादक असतात, त्यांना नाकाशी म्हणतात. खिम त्यांतली. गिटार वाजवते. पूर्वी हॉटेलातून फोन आला की आम्ही स्कूटरवाले वादकांना मागं बसवून उभ्या चढणीच्या गल्ल्यांतून वर पोचवायचो. लोक आम्हाला ‘तातडीचं टपाल’ म्हणायचे. बाकीच्यांनी पुष्कळ पाकिटं पोचवली असतील. मी आयुष्यभर बहुतेक एकच पोचवलं.

खिमचा जुना ॲम्प व्हॉल्व्हचा, जुन्या रेडिओत असायचे तसल्या. तिच्या गुरुजींनी जाताना तिला दिलेला. धूड नुसतं. आम्ही त्याला डुक्कर म्हणायचो. ते डुक्कर स्कूटरवर माझ्या दोन पायांच्या मध्ये उभं राहायचं आणि खिम गिटार पाठीला लावून मागं. हॉटेलात पोचलो की डुक्कर मी खोलीच्या दारापर्यंत उचलून न्यायचो. तिथं माझी हद्द संपायची. आत पाहुणे. मी वळसा घालून मागच्या बाजूला जायचो, जिथं गरम पाण्याचा पाट वाहतो, आणि पुढचा फोन येईपर्यंत भिंतीला टेकून उभा राहायचो.

डुकराचे व्हॉल्व्ह तापायला वेळ लागायचा. पण एकदा तापले की ते असं काही घुमायला लागायचं की दगडी भिंतीतूनसुद्धा बाहेर यायचं. कानांना कमी कळायचं, पाठीला जास्त. वाफ इतकी की समोरची स्कूटरसुद्धा कधी दिसायची, कधी नाही. अंगावर गंधकाचा वास, वर झिमझिम, आणि पाठीत खिमची गिटार. तिथं उभं राहिलं की मी कुठं आहे, किती वाजले, घरी काय चाललंय, सगळं विरघळून जायचं. माझं लग्न झालं, मुलं झाली, मुलं नोकरीला दक्षिणेकडे गेली, बायको देवाघरी गेली. या सगळ्यात ती भिंत होती. बायकोच्या क्रियाकर्मानंतर मी पहिल्यांदा रडलो तेही तिथंच, आणि आत कुणी फॅक्टरीवाला लग्नाचं गाणं म्हणत होता.

खिमला मी हे कधी सांगितलं नाही. एके काळी तिच्याकडून याहून जास्त काही हवं होतं, नाही असं नाही. पण तिचा संसार होता, माझा होता. पुढं पुढं तेवढी गिटारच पुरायला लागली आणि माझं छान चाललं होतं.

मग पंच्याहत्तरी झाली आणि लायसन्ससाठी परीक्षा द्यावी लागली. तिथं एका मुलीनं मला चित्रं दाखवली, झाकली, जरा इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग आ-पेक, म्हणजे काका, अशी हाक मारून म्हणाली, मघाशी कोणती चित्रं होती? मला त्यातली स्कूटर तेवढी आठवली. बाकीची कशाला लक्षात ठेवू? तर लायसन्स गेलं. खिम टॅक्सी करायला लागली, पण टॅक्सी खालच्या रस्त्यावरच सोडते, वर पायऱ्या. मागच्या महिन्यात त्या पायऱ्यांवरून ती डुकरासकट घसरली. डुकराला काही झालं नाही. खिम मात्र पंधरवडाभर पालथी झोपून होती. डॉक्टर म्हणाले, एक तर वाजवणं सोडा नाही तर वजन उचलणं.

वाजवणं ती सोडणार नव्हती. म्हणून आम्ही दोघं मेट्रोनं शहरात, या दुकानात.

शेवटी तिच्या पाठीनं दोन ॲम्प पसंत केले. एक अगदी लहान, पट्ट्यानं खांद्याला लावता येईल असा. दुसरा त्याहून जरा मोठा, मोठ्या स्पीकरचा, डुकराच्या मानानं पिल्लूच, पण पिल्लू म्हटलं तरी वजन होतंच. मालकाला हुरूप आला.

“दोन्ही ट्रान्झिस्टरचे. व्हॉल्व्हची भानगडच नाही. बटण दाबलं की लगेच आवाज, तापायची वाट बघायला नको. आदळला, आपटला, काही होत नाही. आणि हे बघा, इथं हेडफोन लावायचा. घरी रियाज करा, कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“सून खूश होईल,” खिम म्हणाली. “गॅरंटी?”

“वर्षाची. राहता कुठं?”

“पेइतोऊ.”

मालकानं तोंड वाकडं केलं. “मग गॅरंटीचं विसरा. तुमच्या हवेत काय टिकतं? गंधकानं आतल्या तारा काळ्या पडतात. माझ्या मेव्हण्याचा फ्रिज गेला, टीव्ही गेला.”

“आमची माणसं टिकतात,” मी म्हणालो.

“आ-पेक, माणसांना तारा नसतात.”

खिमनं गिटार काढली, लहान ॲम्पला लावली आणि थोडं वाजवलं. आवाज स्वच्छ होता. फार स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारखा. ती मान वाकडी करून ऐकत राहिली, मग तिनं तारांवर पंजा ठेवला.

“असं काही कळत नाही,” ती म्हणाली. “मी एकटी कुठं वाजवते? माझं वाजवणं गाणाऱ्याच्या खाली असतं. तो पुढं पळाला तर मी पळायचं, तो अडखळला तर थांबायचं. त्याला वाटलं पाहिजे की आज आपला गळा काय लागलाय. गाणारा पाहिजे कुणीतरी. बेसूर.”

“मी गातो,” मालक म्हणाला. “पण मी सुरात गातो हां, आमचा बँड आहे.”

“मग तुझा उपयोग नाही,” खिम म्हणाली आणि माझ्याकडं वळली. “चुई-को, ये इकडं.”

“मी? मी कधी गायलोय?”

“म्हणून तर म्हणतेय.”

मी नाही नाही म्हणत उठलो. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस परक्या दुकानात गाणार म्हणजे काय शोभा. पण तिनं माझ्यासाठी ते स्टूल ओढून समोर ठेवलं, पाहुण्याला ठेवतात तसं, आणि विचारलं, “कुठलं म्हणणार?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “ते, धक्क्यावरचं.”

तिनं मला सूर विचारला नाही. नुसती दोन क्षण माझ्याकडे बघत राहिली आणि सुरुवात केली, आणि तो बरोबर माझाच सूर होता. मला माझा सूर आहे हेच तोवर माहीत नव्हतं. पण एवढी वर्षं स्कूटरवर माझ्या पाठीमागं बसून तिनं माझी बडबड ऐकलेली, त्यातूनच उचलला असेल.

मी गायला लागलो. आवाज कसला, कुलूप गंजलेलं दार. पण जरा पुढं गेलो आणि गंमत वाटली. लहानपणी सायकल शिकताना कुणीतरी मागून कॅरिअर धरून पळतं ना, तसं काहीतरी होतं. मी श्वासाला अडलो तर गिटार तिथंच रेंगाळायची, जणू तिलाही थांबायचंच होतं. मी एक मात्रा गिळली, तिनंही गिळली. मी डोळे मिटले. दुकान गेलं, मालक गेला. वाफ आली, पाटाचं पाणी आलं, आणि पहिल्यांदाच मी भिंतीच्या आतल्या बाजूला होतो.

“देवा, भिजू नको,” मी गात होतो, “देवा, भिजू नको, ती येईल परतून.”

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. शेवटचा सूर खिमनं माझ्या दमाइतकाच लांबवला आणि अलगद खाली ठेवला.

मालक ओठ दाबून उभा होता. मग त्याला राहवलं नाही.

“आ-पेक, छान गायलात. पण ते देवा नाही हो. दिवा. ‘दिवा, विझू नको.’ धक्क्यावरचा दिवा.”

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. दिवा. म्हणजे एवढी वर्षं मी भलतंच ऐकत होतो. मला वाटायचं, मिरवणुकीला देव निघालाय, वाटेत पाऊस आलाय, आणि पालखीवर प्लास्टिक घालायलासुद्धा कुणी नाही. त्या झिमझिमीत उभं राहून मला त्या देवाची फार दया यायची. त्याला भिजू नको म्हणणारं माणूस कोण असेल याचाही मी विचार केलेला.

“त्यानं म्हटलं तेच बरोबर,” खिम मालकाला म्हणाली. “पाहुणा चुकला असं आमच्यात म्हणत नाहीत.”

पण ती हसत नव्हती. गिटार मांडीवर आडवी ठेवून ती माझ्याकडे बघत होती.

“तीनही कडवी म्हटलीस तू.”

“मग? गाणं अर्धं सोडायचं?”

“या गाण्याला दोनच कडवी आहेत. तिसरं गुरुजींनी जोडलेलं. रेकॉर्डवर नाही, रेडिओवर नाही. पाहुण्याला अजून गावंसं वाटलं तर मी खोलीत त्याला म्हणून दाखवते, तेवढंच.” ती थांबली. “तू तर मागं सिगरेट ओढत बसायचास.”

“सिगरेट मी सोडली, तुझा नातू झाला त्या वर्षी.”

“मग काय करायचास तिथं?”

मला खोटं सुचलं नाही. “भिंत पातळ होती,” मी म्हणालो.

“दगडी भिंती आहेत त्या.”

“मग डुक्कर मोठं होतं.”

खिमनं गिटारची वायर काढली, हाताला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. तिच्या मानेवर लाली चढली होती. एवढ्या वर्षांत मी तिची मान पाहिलीच नव्हती, ती कायम माझ्या मागं बसलेली असायची. मग तिनं मालकाला हाक मारली.

“हा लहान ॲम्प. भिंतीपलीकडे ऐकू जाईल?”

“छे,” मालक अभिमानानं म्हणाला. “तोच तर त्याचा गुण. खोलीतल्या खोलीत गोड. शेजारच्यांची तक्रारच येणार नाही.”

“आणि तो मोठा?”

“तो जाईल की. वाढवला तर चांगला जाईल. पण तुमची पाठ म्हणत होती ना…”

खिम उठली आणि तिनं मोठा ॲम्प उचलला. चार पावलं चालली. वळली, परत आली. तोंडावर काही दिसू दिलं नाही, पण डावा खांदा वर ओढला गेला होता आणि कपाळावर घामाचे थेंब आले होते.

“हा बरा वाटतोय,” ती म्हणाली. “काही जड नाही.”

“थापा मारू नकोस.”

“सवय होईल.”

“ठेव तो खाली, खिम.”

“चुई-को, नीट विचार कर. माझं काय, मला कसलाही चालेल. मी तुला विचारतेय.”

मला तेव्हा काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, म्हणावं, हाच घे. दुखेल थोडी पाठ, पट्टा बांध, लेप लाव. तिनं ऐकलं असतं. माझ्या एका शब्दावर तिनं तो मोठा ॲम्प पायऱ्यांवरून ओढत नेला असता, आणि मी भिंतीला टेकून ऐकला असता. तो शब्द अगदी जिभेवर आला होता.

“लहान घे,” मी म्हणालो.

“मग तू?”

“मी काय तुला पोचवायला आहे आता? पुन्हा पडलीस तर वाजवणार कोण? लहान घे.”

“मग आत येऊन बस की. दारात तरी.”

“आत पाहुणे बसतात.”

“मघाशी बसला होतास.”

“ते दुकान होतं,” मी म्हणालो.

तिनं मोठा ॲम्प खाली ठेवला. ठेवताना तिच्या तोंडून सुस्कारा सुटला, तो तिला लपवता आला नाही. मालक खोकं आणायला आत गेला, आणि आम्ही दोघं काचेतून रस्त्यावरची रहदारी बघत राहिलो. ती हळूच म्हणाली, “दिवा म्हणू नकोस हां यापुढं. देवाच म्हण.” मी बरं म्हणालो.

त्याच संध्याकाळी तिला बोलावणं होतं. वरच्या एका हॉटेलात जुन्या वर्गमित्रांचा मेळावा होता, सगळे निवृत्त. परतलो तेव्हा उजेड होता अजून. मेट्रोच्या स्टेशनाबाहेर डोंगरावर जाणारी छोटी बस उभी होती. मी सवयीनं हात पुढं केला, पण ॲम्प तिच्या खांद्यावर होता, गिटार पाठीवर, आणि तिचे दोन्ही हात मोकळे. मोकळ्या हातांनी दांडी धरून ती बसमध्ये चढली. सरळ चढली, पाठीवर हात न ठेवता. बघून बरं वाटलं मला. खरंच बरं वाटलं.

खिडकीतून ती म्हणाली, “घरी जा. दमलायस.”

“जातो,” मी म्हणालो.

आणि मग चालत वर गेलो. थांबत थांबत, कठड्याला धरत. ज्या गल्ल्यांतून आम्ही सुसाट जायचो त्या पायांना किती लांब आहेत ते आता कळलं. वाफ खाली उतरत होती. मी हॉटेलाला वळसा घातला, पाटाजवळ गेलो आणि भिंतीला पाठ टेकली.

भिंत कोमट होती. गिटार आली नाही. मी पाठ जरा सरकवली, कान लावून पाहिला. पाटाचं पाणी, आत ताटांचा आवाज, हसणं. बाकी काही नाही. माहीत होतं मला. तरी मी एखाद्या मुलासारखा कान लावून उभा होतो आणि मला रडू येत होतं.

तेवढ्यात आत कुणीतरी गायला लागला. मोठा, ओबडधोबड आवाज, दोन पेले झालेला. दुसऱ्याच ओळीला तो वेळेआधी घुसला. मी मनात म्हटलं, पडला हा. पण तो पडला नाही. पुढच्या शब्दावर त्याचा आवाज सावरला, अंधारात पायाला पायरी लागावी तसा. मी दचकलो. तिथं ती होती. पुढं तो श्वास घ्यायला थांबला, फार थांबला, आणि परत निघाला तेव्हा बिचकला नाही, कारण कुणीतरी त्याच्यासाठी रेंगाळलं होतं. मी डोळे मिटले. तो जिथं जिथं चुकला आणि जिथं जिथं चुकल्याचं त्याला कळलं नाही, तिथं तिथं मला खिम ऐकू येत होती.

मागचं दार उघडून स्वयंपाकघरातली बाई बादली घेऊन बाहेर आली. मला बघून थबकली.

“आ-पेक, कुणाला न्यायला आलात का?”

“नाही,” मी म्हणालो. “गिटार ऐकतोय.”

तिनं बादली खाली ठेवली आणि मान वाकडी करून ऐकलं. आतला माणूस दुसरं कडवं घेत होता.

“कुठाय गिटार?” ती म्हणाली. “तो तर नुसता ओरडतोय.”

“त्याच्या खाली आहे,” मी म्हणालो.

तिनं पुन्हा कान दिला. मग तिनं बादलीतलं पाणी पाटात ओतलं आणि आत जाताना दार उघडंच ठेवलं.